रोजचे माणूस

आबांचे पाय वृषालीच्या मांडीवर होते आणि आबा तिचीच तक्रार करत होते.

"तुझ्या आक्काचं काय खरं नाही बघ," समोरच्या भिंतीवर उमटलेल्या निनादच्या चेहऱ्याकडे पाहत ते म्हणाले. "वर्ष होत आलं, पोरीनं एकदा तोंड दाखवलं नाही. लग्न नाही, संसार नाही, तरी बापाकडं यायला सवड नाही म्हणजे काय म्हणायचं?"

वृषालीच्या हातातले तेल त्यांच्या टाचेच्या भेगांत मुरत होते. तिने अंगठा जरा जोरानेच दाबला. आबांचा चेहरा हलला नाही.

बंगळुरात बसलेल्या निनादला पडद्यावर दोघेही दिसत होते. तो अवघडून हसला. "आबा, मग आता पायाला तेल कोण लावतंय?"

आबांनी खाली पाहिले. त्यांची नजर वृषालीच्या कपाळावर आली आणि तिथे न थांबता पलीकडच्या फरशीवर गेली. खिडकीतून बाहेर पाहताना काच कुठे दिसते, तसेच ते होते. "तेल? लावलंय व्हय?" ते म्हणाले. "सकाळी मीच लावलं असंल. तू कधी येतोयस ते सांग. तू आलास की घर कसं भरल्यासारखं वाटतंय."

"म्हातारपण आहे गं आक्का," निनाद नंतर तिला म्हणाला. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

"म्हातारपण?" ती म्हणाली. "त्यांना तू दिसतोस. दाराशी येणारा दूधवाला दिसतो. गेल्या वर्षी एकदाच आलेला गॅसवाला त्यांच्या लक्षात आहे, त्याच्या मिशीसकट. हे कसलं म्हातारपण, जे एकट्या मलाच वगळतं?"

त्या काळी इचलकरंजीत कोणी ओरडून बोलत नसे. यंत्रमागांचा खडखडाट पूर्वीसारखाच चोवीस तास चाले, भिंती पूर्वीसारख्याच थरथरत. पण मागावर उभी असलेली माणसे देवघरात बोलावे तितक्या हळू आवाजात बोलत. प्रत्येकाच्या कानामागे हरभऱ्याएवढी एक चकती चिकटवलेली असे. तिला शमक म्हणत. आपण घड्याळ मनगटावर बांधतो तेव्हा त्याचा स्पर्श कळतो. थोड्या वेळाने कळेनासा होतो. घड्याळ तिथेच असते, कातडीही संदेश पाठवत असते, पण मेंदूने त्या संदेशाकडे पाहणे सोडून दिलेले असते. या सोडून देण्याला सराव म्हणतात. मेंदूला ज्या सरावाला वेळ लागतो तो शमक काही क्षणांत घडवून आणी. एकसारखे जे काही असेल, मग तो मागांचा आवाज असो, गटारीवरचा डासांचा गुणगुणाट असो की डोक्यावरच्या पत्र्याची धग, ते जाणिवेतून वजा होई, आणि उरे तेवढे नवे. शहर आनंदात होते. आपल्या छातीत काय भरून राहिले आहे हे न ऐकता जगता येणे, याला लोक सुख म्हणू लागले होते.

आबांचा शमक मात्र कानामागे नव्हता. तो मेंदूत खोल बसवलेला होता.

रंगनाथ सातपुते हे नाव एके काळी गावातल्या प्रत्येक कारखान्यात ठाऊक होते. ते जॉबर होते. माग अडला की तो चालता करणारा कारागीर म्हणजे जॉबर. उतारवयात त्यांच्या डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आत गेलेली आग परतली नाही. सदऱ्याचा स्पर्श त्यांना सहन होईना. पंख्याची झुळूक लागली तरी ते गुरासारखे ओरडत. वृषालीने त्या दिवसांत त्यांना भिंतीवर डोके आपटताना पाहिले होते. एकदा, फक्त एकदाच, ते तिला म्हणाले होते, "पोरी, काहीतरी करून मला संपीव." मिरजेच्या निरामय मज्जाकेंद्राने खोल शमक सुचवला तेव्हा तिने दुसऱ्यांदा विचारदेखील केला नाही.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. पहिले काही महिने म्हणजे स्थिरपर्व. या काळात नेहमीचे काय आणि नवे काय, हे यंत्र शिकते. तेव्हा घरात काही बदलायचे नाही. सगळे जितके एकसारखे राहील, तितकी वेदना चटकन ओळखली जाईल आणि तितकी लवकर पुसली जाईल.

ही सूचना दुसऱ्या कुणी पाळली असती तर माणसाच्या हातून जितपत पाळली जाते तितपतच पाळली असती. वृषाली कापड तपासण्याचे काम करी. मोठ्या टेबलावरून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या कापडावर दिवसभर नजर ठेवून एखादा तुटलेला धागा, एखादी गाठ हुडकायची, हे तिचे काम. जॉबरच्या घरात वाढलेल्या मुलीला एक गोष्ट पाळण्यापासून ठाऊक होती: चांगले कापड म्हणजे ज्यावर नजर कुठेच अडकत नाही ते. तिने काम सोडले आणि बापाचे दिवस तसे विणायला घेतले. तिच्या अंगावर तोच फिका करडा गाऊन, तसेच आणखी तीन शिवून घेतलेले. चहाचा तोच कप, तोच घोट उरला की तीच हाक. बोलायचे तेही मोजके आणि त्याच सुरात: उठा आबा, चहा घ्या आबा, कूस बदलूया आबा. मैत्रिणींना तिने घरी येऊ नका म्हणून सांगितले. बांगड्या काढून ठेवल्या, कारण बांगड्या कधी वाजतात, कधी वाजत नाहीत. त्या दिवसांत एकही गाठ नव्हती, एकही तुटलेला धागा नव्हता.

वेदना गेली. आबा सदरा घालू लागले, पंख्याखाली झोपू लागले, गाणे गुणगुणू लागले. आणि त्याच काळात केव्हातरी, कोणत्या दिवशी ते तिला सांगता आले नसते, आबांनी तिच्याकडे पाहणे थांबवले.

*

डॉ. चारुहास पोतनीस सभ्य माणूस होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि ती बोलत असताना एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यामुळेच तिला त्यांचा जास्त राग आला.

"ताई, तुम्हाला एक गंमत सांगतो," शेवटी ते म्हणाले.

"गंमत नको."

"बरं, उदाहरण म्हणा. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यासमोर आपल्याच रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्याची सावली त्या पडद्यावर जन्मापासून पडतेय. म्हणजे जग आपण एका जाळीतून बघतो. पण ती जाळी कधी कुणाला दिसते का? नाही. कारण ती डोळ्याबरोबरच हलते, जागा सोडत नाही. मेंदू म्हणतो, यात नवीन काय? आणि ती खोडून टाकतो. वर खोडलेल्या जागी आजूबाजूचं चित्र बेमालूम भरून घेतो. भोक राहू देत नाही."

"म्हणून मग तेल त्यांनी स्वतःच लावलेलं असतं."

"अगदी बरोबर," डॉक्टर खुशीत येऊन म्हणाले, आणि तिचा चेहरा पाहून वरमले. टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू त्यांनी उघडला. "हा मधला भाग. याला थॅलॅमस म्हणतात. शहरात शिरताना नाका लागतो ना, तसा हा नाका. डोळे, कान, कातडी, सगळ्यांचे संदेश इथं थांबून मग पुढं जातात. वास तेवढा आडवाटेनं थेट आत शिरतो. आबांचा शमक या नाक्यावर बसलाय. येणाऱ्या प्रत्येक संदेशाला तो एवढंच विचारतो, की तू येणार हे मला आधीच ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर तो संदेश तिथूनच परत."

"आणि मी येणार हे त्याला ठाऊक असतं."

"तुम्ही कधी चुकलात का? एखादा दिवस, एखादी वेळ?"

"नाही."

"तेच तर," डॉक्टर हळूच म्हणाले. "आम्ही याला पार्श्वलोप म्हणतो. माणूस पार्श्वभूमीत मिसळून जाणं."

वृषालीच्या कानांत काहीतरी तापत गेले. "म्हणजे याला नाव आहे. नाव आहे म्हणजे हे आधी झालंय. मग मला सांगितलं का नाही?"

"दुष्परिणाम नोंदवायला पेशंटची तक्रार लागते. या प्रकारात पेशंटची तक्रारच नसते. ते समाधानी असतात."

"आणि माझी तक्रार?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुम्ही पेशंट नाही."

बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी चाकाची खुर्ची करकरत गेली. वृषालीने टेबलावरचा तो अर्धा मेंदू उचलला. तो फेकावा असे तिला फार वाटले. तो इतका हलका होता की फेकूनही काही झाले नसते, म्हणून तिने तो परत ठेवला.

"रागावू नका. यंत्र नवीन काहीच करत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "फक्त घाई करतं. रोजच्या माणसाकडं कोण बघतं? तुमच्याआमच्या डोक्यात शमक नसतानाही हे चालूच असतं."

"मग तुम्ही लाज वाटण्याचं यंत्र काढायचं होतं," ती म्हणाली. "जे आधीच होत होतं त्याची घाई करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

पर्याय दोन होते आणि ते डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. शमक पुसून कोरा करता येईल, पण मग बरगड्यांखालची आग सगळीच्या सगळी परत येईल. या वयात स्थिरपर्व पुन्हा सोसेल याची हमी नाही. वृषालीने फक्त हो म्हणायचे, ते उद्याच करतील. किंवा मग तिने काही काळ दूर जावे. यंत्र तिला विसरेल. परत येईल तेव्हा ती बातमी असेल.

"आणि मग राहिले की?"

"राहिलात की हळूहळू पुन्हा तेच. म्हणून अधूनमधून येत जा. पाहुण्यासारखं."

"म्हणजे बापानं मला बघावं म्हणून मी बापाला टाकून जायचं."

डॉ. पोतनीसांनी मान हलवली. ती होकाराची होती की खेदाची, हे कळायला मार्ग नव्हता.

ती त्या दिवशी हो म्हणाली नाही. म्हणायचे ठरवून तिने तोंड उघडले होते. पण भिंतीवर आपटलेल्या त्या डोक्याचा आवाज तिला ऐकू आला. तिच्या कानामागे तेव्हा शमक नव्हता, आणि असता तरी तो आवाज त्याने वजा केला नसता.

*

घरी आल्यावर तिने युद्ध पुकारले. करडे गाऊन जाळले. लालभडक साडी नेसून ती आबांसमोर उभी राहिली. आबा दचकले. "कोण ओ तुम्ही?" त्यांनी परक्या बाईला विचारावे तसे विचारले, आणि ती "आबा, मी" म्हणेपर्यंत त्यांचे डोळे निवले होते. दुसऱ्या दिवशी तिने हिरवी साडी नेसली, मग केस कापले, मग चहात मीठ घातले. आबांनी चहा थुंकला आणि साखरेच्या डब्याला शिव्या दिल्या. काही दिवसांतच यंत्राला कळून चुकले, की या घरात रोज काहीतरी बदलते. आणि रोज बदलणे हीदेखील एक सवयच असते.

एका दुपारी संतापून तिने पितळेचे पातेले जमिनीवर आदळले. ते गरगरत आबांच्या पलंगाखाली गेले.

"हाड्!" आबा स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले. "मेलं मांजर. दूध झाकलं नाही वाटतं कुणी."

तिचे रडणे थांबेना, म्हणून ती त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसली. तिच्या पदराला हिंगाच्या फोडणीचा आणि घामाचा वास येत होता. आबांनी अचानक नाक वर केले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "वृषे?" त्यांनी हाक मारली, तिच्याकडे नव्हे, दाराकडे पाहून. थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःशीच म्हणाले, "आली न्हाई. भास झाला. असाच वास यायचा पोरीला, शाळेतनं आल्यावर बिलगायची तेव्हा." आणि त्यांनी डोळे पुसले. पुसताना त्यांचे कोपर तिच्या खांद्याला लागले आणि तसेच तिथे टेकून राहिले.

निनाद आला तो तिच्या आग्रहाने नव्हे, धमकीने. त्याला पाहून आबांना काय करू आणि काय नको असे झाले. रात्री जेवताना घास वृषाली भरवत होती आणि आबा डोळ्यांत पाणी आणून निनादला म्हणत होते, "माझ्या हाताला कंप आहे म्हणून पोरगा बघ कसा भरवतोय. नशीब लागतं असल्या पोराला."

"आबा, मी नाही, आक्का…"

"तिची वकिली करू नकोस."

निनाद हसला. वृषालीने ताट खाली ठेवले. "हस," ती म्हणाली. "तू हसूच शकतोस. तू कधी राहिलासच नाहीस इथं, म्हणून तू दिसतोस. न राहण्याचं बक्षीस आहे ते तुझं."

"मग मी काय करू, आक्का? तू जा थोडे दिवस. मी सांभाळतो. त्यात काय एवढं?"

ती सावंतवाडीला मैत्रिणीकडे गेली. तिथल्या परसात बसून ती दिवसभर रागावत असे. बापावर रागवावे तर त्याचा दोष नव्हता. डॉक्टरवर रागवावे तर त्याने आग विझवली होती. स्वतःवर रागवावे तर तिने केले ते इतके नीट केले होते, की त्यात दोष काढायला जागाच नव्हती. तिचा राग त्यामुळे कुणाच्याच दारी उतरेना. तो तिच्या अंगावरच वस्तीला राहिला.

मग एका संध्याकाळी निनादचा फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"आक्का, आज आबा माझ्याशी बोलत होते. मागाच्या धोट्याचं काहीतरी सांगत होते. मध्येच थांबले. माझ्याकडेच बघत होते, पण… मी त्यांना हाक मारली. दोनदा मारली. मग त्यांनी वर्तमानपत्र उघडलं."

वृषालीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू ये परत. मला नाही जमत हे. माणूस वेडा होईल असं राहून."

"मी झाले नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

*

तिने उंबरठ्यावर पाय ठेवला आणि आबांनी मान वळवली. त्यांची नजर येऊन तिच्यावर पडली आणि तिथे थांबली. नजरेला वजन असते हे ती विसरून गेली होती.

"आलीस?" आबा म्हणाले. "आलीस म्हणायची एकदाची. केस काय केलेस हे? वाळलीस की गं किती. ये, बस इथं. बापाला विसरलीस ना साफ?"

निनाद बॅग भरूनच बसला होता. तो त्याच दुपारी गेला.

आबांनी तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. ते तिला सगळे सांगत राहिले: आजारपण, एकटेपण, पोराने केलेली सेवा. शेवटी म्हणाले, "जाऊ दे. झालं गेलं. मी रागावलो नाही तुझ्यावर. मी माफ केलं तुला."

वृषालीने हात काढून घेतला.

"मी इथंच होते आबा. एक दिवस कुठं गेले नव्हते. तुमचं अंग पुसलं मी. तुमच्या चादरी धुतल्या मी. तुम्हाला मी दिसत नव्हते."

"असलं खोटं बोलू नये, पोरी," आबा मायेने म्हणाले. "येता आलं नाही तर आलं नाही. त्यात काय."

तिने त्यांना शमक समजावला. नाका समजावला. जॉबर माणूस, यंत्राची गोष्ट त्यांना चटकन कळली. पण ती आपल्याबद्दल आहे हे मात्र कळेना, कारण न दिसलेल्याची आठवण कुणाकडेच नसते. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती मिरजेहून उरात घेऊन हिंडत होती.

"समजा माझं खरं आहे. मी तुम्हाला रोज दिसायला हवी असेन तर ते यंत्र पुसावं लागेल, आणि बरगडीतली आग परत येईल. चालेल तुम्हाला?"

आबांचा चेहरा पांढरा पडला. हात आपोआप डाव्या कुशीवर गेला. "ती आग?" ते म्हणाले. "नको गं बाई. पाया पडतो तुझ्या. काही पण कर, पण ती नको."

त्यांनी निवड केली होती. तिला पाहत, तिचे नाव घेत केली होती, आणि आपण काय निवडले हे त्यांना कधीच कळणार नव्हते.

"आता जाऊ नकोस मात्र," ते पुढे म्हणाले. "राहा इथंच. कायमची."

वृषाली राहिली. पण या वेळी ती गुळगुळीत कापडासारखी राहिली नाही. ती रागावली. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेली ती बाई चहा देताना रागावली, अंघोळ घालताना रागावली. ठरलेले लग्न मोडले त्याबद्दल, निनादला शिकवले आणि तिला शिकवले नाही त्याबद्दल, आई जिवंत असताना तिच्या ताटाकडे कुणी पाहिले नाही त्याबद्दल. आबा ऐकत. ते तिच्या डोळ्यांत पाहत, कधी खाली मान घालत, कधी म्हणत, "चुकलं माझं." एकदा तर उलटून भांडले, आणि त्या भांडणात तिला इतके सुख वाटले की ती आत जाऊन हसली. कुणीतरी आपल्याशी भांडते म्हणजे आपण आहोत. राग हा तिचा दिवा होता आणि तो विझू न देणे तिच्या हातात होते. निदान तिला तसे वाटत होते.

पण दिवा पेटता ठेवायचा तर तो रोज पेटवावा लागतो. सकाळी तोच विषय निघे, दुपारी तोच. आवाज त्याच ठिकाणी चढे, त्याच ठिकाणी फुटे. आबांचे "चुकलं माझं" आधी उशिरा येऊ लागले, मग अर्धेच येऊ लागले.

त्या सकाळी ती त्यांच्या समोर उभी होती. हातात ओला पंचा होता. गळ्याच्या शिरा ताणून ती ओरडत होती, की माणसाने माणसाकडे बघायला असे काय पैसे पडतात, की मी मेले तरी तुम्हाला घरात फक्त वास येत राहील. तिचा आवाज भिंतीवर आपटत होता. शेजारच्या बाईने खिडकीतून डोकावून पाहिले आणि पडदा ओढून घेतला.

आबांनी उशी सारखी केली, पाय पसरले आणि समाधानाने डोळे मिटले.

"घर कसं शांत झालंय," ते म्हणाले.